मनातला लव्हाळा

पनवेलच्या पावसात परसात लव्हाळा माजतो. वरून उपटला की जागा स्वच्छ दिसते; पण गाठी जमिनीतच राहतात आणि आठ-दहा दिवसांत कोंब पुन्हा वर येतात. मनातली कटुताही तशीच. मला कबूल केलेली सासूबाईंची पाटली वाटणीत जाऊबाईंकडे गेली. तोंडाने “असू दे” म्हटले, तरी दर सणाला ती गाठ फुटे. शेवटी एका संक्रांतीला त्यांच्यापाशी सारे बोलले. दोघी रडलो. पाटली तिकडेच आहे, पण येणे-जाणे मोकळे झाले. ओल्या मातीतूनच गाठ सहज निघते. इ. स. १२९५ साली समाधिस्थ झालेल्या संत सावता माळ्यांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. आपले परसही लहान नाही. खुरपे खोल घालावे, गाठ काढावी, आणि त्या जागी तुळस लावावी.