मोटारीच्या रंगावरील झिलई
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात बिलोली येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आमच्या धंद्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. शिक्षण, वसतिगृह, विवाहखर्च अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलून गेले असता मोटारीचा रंग कसा घासावा हे सांगावयास उभे राहणे धाडसाचेच आहे. परंतु आपल्या ज्ञातीचा हात मुळात लाकडावरचा. तिफण, वखर, गाडीची चाके ही आपल्या वाडवडिलांची कामे. आणि देवघरावर लाखेचे पॉलिश कापडाच्या बोळ्याने चढविणारे हातही आपल्याच घरांतले. बैलगाडीची कामे सरली, मोटारीची आली. आज आपली कित्येक मुले डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांतून राबत आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आईबापांसाठीही, हे बोलणे आहे.

मोटारीवर रंगाचा एकच थर असतो असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. पत्र्यावर प्रायमर, खड्डा असेल तेथे लांबी, मग सरफेसर, त्यावर रंग आणि सर्वांत वर बिनरंगी पारदर्शक थर, ज्यास क्लिअर कोट म्हणतात. पूर्वी रंग आणि झिलई एकाच थरात असे. अमेरिकेत १९२३-२४ च्या सुमारास ड्युको रंग मोटारींवर आला, तो त्याच जातीचा. आपल्या शेजारी, गोदावरीपलीकडच्या निर्मलच्या चित्रकारांनीही पुढे हाच ड्युको लाकडावरील चित्रांसाठी जवळ केला, हे ऐकून मंडळींस नवल वाटेल. पारदर्शक थराची चाल पडली ती साधारण १९८० नंतर.

या थराची जाडी किती? कारखान्यातून आलेल्या गाडीवर सुमारे ४० ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हा हा थर डोक्याच्या केसाहूनही पातळ भरतो. खालच्या रंगास उन्हाच्या अतिनील किरणांपासून वाचविणारी द्रव्ये याच थरात असतात. घासताना आपण जे काढतो ते हे कवच, आणि काढलेले परत येत नाही. आमच्या सर्व बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे.

मग घासावे तरी कशाला? फवारलेला थर वाळताना कधी त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे राहतात, कधी ओघळ येतो, कधी धूळ बसते. मांजरेच्या वाळूचे ट्रक ज्या रस्त्यावरून जातात त्या रस्त्यालगत उघड्यावर रंगकाम करणाऱ्यास धुळीविषयी आम्ही काय सांगावे! असे उंचवटे वॉटर पेपरने, पाण्याखाली, घासून सपाट करावयाचे. हा पाण्यात टिकणारा कागद अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने १९२१ साली बाजारात आणला. त्यामुळे घासण्याची धूळ पाण्यातच राहू लागली आणि कामगाराच्या छातीत जाईनाशी झाली.

थर पुरता कडक होऊ द्यावा. घाई केल्यास मागाहून ओरखडे वर दिसू लागतात. कागद अर्धा घटका पाण्यात भिजवावा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकावेत आणि कागद रबरी ठोकळ्यावर गुंडाळावा. नुसत्या बोटांनी दाबल्यास बोटांच्या रेघा पडतात. प्रथम १५०० नंबर, मग २०००, मग ३०००. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, आणि प्रत्येक कागदाने मागल्या कागदाचे ओरखडे पुसावयाचे. मधूनमधून पाणी निपटून तिरप्या उजेडात पाहावे. जेथे चमक शिल्लक तेथे खळगा. सारा भाग एकसारखा मंद दिसला की हात थांबवावा. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड असते. ते तापल्या पत्र्यावर वाळले की पांढरे डाग धरते. म्हणून काम सावलीत करावे, आणि बादलीत वाळूचा एक कणही जाऊ देऊ नये. त्यानंतर लोकरी पॅडवर रबिंग कंपाउंड, शेवटी स्पंजाच्या पॅडवर बारीक पॉलिश. यंत्र एका जागी धरल्यास थर जळतो.

कडा आणि घड्या यांवर थर मुळातच पातळ बसतो. तेथे आधी चिकटपट्टी लावावी. हे आम्ही कसे शिकलो तेही सांगितले पाहिजे.

आपल्याच ज्ञातीतील एका गुरुजींची गडद निळी गाडी मुलीच्या लग्नाआधी आमच्याकडे आली होती. बॉनेटच्या घडीवर आम्ही पट्टी लावली नाही. पॉलिश करताना पांढरे पॅड निळे झाले. पारदर्शक थर संपून खालचा रंग पॅडवर आला होता, हे आम्हांस तत्क्षणी कळले. आम्ही वर मेण चोळले आणि गप्प राहिलो. लग्नात वरपक्षाने गाडीची वाखाणणी केली. दुसऱ्या उन्हाळ्यात ती घडी खडूसारखी पांढरी पडली आणि बाजूचे पापुद्रे सुटू लागले. गुरुजी म्हणाले, “ऊन फार झालं हो यंदा.” आम्ही मान डोलावली. रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांच्या घरी जाऊन खरे ते सांगितले. गुरुजींनी चहा मागविला आणि म्हणाले, “तेव्हाच सांगायचं होतं की.” बॉनेट आम्ही पदरखर्चाने रंगवून दिले. तेव्हापासून खोल ओरखडा पाहिला की आम्ही गिऱ्हाइकास सांगतो की हा राहू द्या, काढावयास गेलो तर कवच जाईल. काही गिऱ्हाइके रागावून दुसऱ्या दुकानी जातात. जावोत.

आता आईबापांस एक विनंती. या थरात मिसळावयाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. फवाऱ्याबरोबर ती श्वासात गेल्यास दमा जडतो, आणि एकदा जडलेला सहसा जात नाही. तोंडास रुमाल बांधून काही होत नाही. मुलगा कामास लावताना रोजमुरा विचारता, तसे मालकाने श्वसनाचे योग्य साधन दिले आहे काय हेही विचारा.

मंडळापुढे आमची एक सूचना आहे. रंगाची जाडी मापण्याचे छोटे यंत्र मिळते. ते पत्र्यावर टेकविले की मायक्रॉनचा आकडा दाखविते. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र साधे यंत्र चालत नाही. ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते. तरी घासण्यापूर्वी व घासताना मापले म्हणजे किती गेले ते कळते. प्रत्येक मुलास ते घेणे परवडणार नाही. मंडळाने एक घेऊन कार्यालयात ठेवावे आणि मुलांना नावनिशीवर वापरावयास द्यावे. त्यासाठीची पहिली वर्गणी आम्ही आजच कोषाध्यक्षांच्या हाती देत आहोत.