देवळाचें द्वार आणि देवाचा रथ

तासगांवचा गणपति म्हटला, कीं डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें त्याचें गोपुर. कृष्णाकांठचीं इतर देवळें शिखरावरून ओळखूं येतात. हें देऊळ मात्र प्रवेशद्वारावरील सात मजली, ९६ फूट उंच गोपुरावरून ओळखलें जातें. परशुरामभाऊ पटवर्धनांनीं १७७९ सालीं त्याचें काम आरंभिलें आणि १७९९ सालीं त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यांनीं तें पूर्ण केलें. त्याच वर्षीं पट्टणकुडीच्या लढाईंत भाऊ धारातीर्थीं पडले होते. कर्नाटकांतील मोहिमांत पाहिलेल्या मंदिरांची छाप या सेनापतीच्या मनावर किती खोल उमटली होती, याची साक्ष हें गोपुर आजही देत आहे.

परंतु देऊळ हें आपल्या उपासनेचें मूळ रूप नव्हे. वैदिक काळीं उपासना होती ती अग्नीची. यजमानानें वेदी रचावी, हवि अर्पावा आणि यज्ञ संपतांच ती जागा सोडून द्यावी. देवाला कायमचें घर देण्याची कल्पना मागाहून रुजली. या स्थित्यंतराचा एक ठसा महाराष्ट्रांतच, जुन्नरजवळच्या नाणेघाटांत सांपडतो. तेथील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखांत अश्वमेधादि यज्ञांची आणि दक्षिणांची मोठी यादी आहे. पण आरंभीं ज्या देवांना वंदन केलें आहे त्यांत संकर्षण व वासुदेव हेही आहेत. यज्ञ आणि भक्ति येथें एकाच शिळेवर शेजारीं नांदतात. पुढें गुप्तकाळांत लहान दगडी देवळें उभीं राहूं लागलीं, आणि आगमग्रंथांनीं त्यांची बांधणी व पूजाविधि नियमबद्ध केले.

या बांधणींत अर्थ भरलेला आहे. सभामंडपाच्या उजेडांतून भक्त हळूहळू अंधाऱ्या, अरुंद जागेकडे जातो. त्या जागेस गर्भगृह म्हणतात. माणूस तेथें जणूं आपल्या उगमाशीं परततो. पूजेचे सोळा उपचार आवाहनापासून सुरू होतात. आसन, अर्घ्य, स्नान, वस्त्र, नैवेद्य हें सारें घरीं आलेल्या थोर अतिथीचें स्वागतच होय. भाद्रपदांतील मृण्मयी मूर्तीचें आवाहन होतें तसेंच विसर्जनही होतें. माती हाच देव, असें समजण्याची चूक होऊं नये म्हणूनच जणूं ही योजना आहे. तासगांवचें देवस्थान गणपति-पंचायतन आहे. मध्यें गणपति आणि भोंवतीं शिव, विष्णु, सूर्य व देवी. ज्यानें त्यानें आपलें इष्टदैवत मध्यें ठेवावें, पण इतरांस दूर लोटूं नये, हा त्यांतील बोध.

मग ज्या धर्मानें पांच देवांना एका आवारांत बसविलें, त्यानें माणसांना मात्र द्वाराबाहेर कां ठेवावें? हा प्रश्न नाशिकला १९३० च्या मार्चमध्यें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिरापुढें उभा राहिला. त्या वर्षींच्या रामनवमीस रथ कोणीं ओढावा, यावरूनच दगडफेक झाली. सत्याग्रह पांच वर्षें चालूनही द्वार उघडलें नाहीं, आणि १९३५ सालीं येवल्यास बाबासाहेबांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. १९४७ च्या मे महिन्यांत पंढरीच्या विठोबाचें द्वार सर्वांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं उपोषण केलें. आज राज्यघटनेनें असा मज्जाव बेकायदा ठरविला आहे. परंतु कायदा द्वार उघडतो, मन उघडण्याचें काम ज्याचें त्यालाच करावें लागतें.

ऋषिपंचमीस तासगांवीं गणपतीचा रथ निघतो. हजारों हात दोरखंडांस लागतात आणि गुलालाच्या धुळवडींत तो काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन परततो. गर्भगृहांत भक्त देवाकडे जातो. रथोत्सवांत देव स्वतः उंबरठा ओलांडून रस्त्यावर येतो. तेथें एकट्यादुकट्याच्या बळानें चाक हलत नाहीं, आणि दोर धरलेला शेजारचा हात कोणाचा, हें गुलालानें माखल्यावर ओळखूंही येत नाहीं. देवपूजेचा हा अर्थ ज्याला उमगला, त्यानें तो रथ परतल्यावरही विसरूं नये, एवढीच त्या उत्सवाची अपेक्षा आहे.