गायिकेची पट्टी काळी चार, आपला हात मात्र सी मेजरमध्ये

दिवसा कोड आणि रात्री कीबोर्ड, म्हणजे वाजवायचा कीबोर्ड, असं माझं चालतं. आजचा विषय मेजर स्केल आणि की सिग्नेचर. नाव ऐकून लगेच पुढचा एपिसोड लावू नका, पाच मिनिटं द्या.

आधी हे शिकायचं कशाला ते बघू. गणपतीत सोसायटीचा गाण्याचा कार्यक्रम असतो. कीबोर्डवाल्याला फक्त सी मेजर येतं, म्हणजे आपली पांढरी एक. गाणारी म्हणते, "माझी पट्टी काळी चार." आता एकतर ट्रान्सपोजचं बटण दाबायचं, नाहीतर तिने गळा ताणायचा. पियानोवर किंवा साध्या पेटीवर ते बटण नसतं. मग त्रास कोणाला? तिच्या गळ्याला. वाजवणाऱ्याचा रियाज कमी, म्हणून गाणाऱ्याने का सोसायचं?

तर मेजर स्केल म्हणजे काय? एका सप्तकात पांढऱ्या-काळ्या मिळून 12 पट्ट्या. कुठल्याही पट्टीला सा धरा आणि पुढे असे मोजत जा: 2, 2, 1, 2, 2, 2, 1. बेरीज 12, म्हणजे बरोबर वरच्या सा वर पोचलात. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनो, हा सात आकड्यांचा ॲरे आहे, फक्त सुरुवात बदलते. आणि पेटी शिकलेल्यांना हे नवीन नाहीच. सगळे शुद्ध स्वर, म्हणजे भातखंड्यांच्या दहा थाटांतला बिलावल.

सी पासून मोजलं तर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या येतात. आता सी चा प, म्हणजे जी, याला सा धरा. मोजून बघा, फक्त एकच स्वर बदलतो: एफ च्या जागी एफ शार्प. परत प ला सा करा, डी मेजर आलं. आता दोन शार्प, एफ आणि सी. दर वेळी पाच स्वर वर चढायचं आणि एक शार्प वाढवायचा.

उलट्या दिशेनेही जाता येतं. सी चा म, म्हणजे एफ, याला सा केलं की बी चा बी फ्लॅट होतो. पुढे बी फ्लॅट मेजरला दोन फ्लॅट, ई फ्लॅटला तीन, ए फ्लॅटला चार. हे शार्प किंवा फ्लॅट प्रत्येक स्वरापुढे परत परत लिहायचा कंटाळा, म्हणून ओळीच्या सुरुवातीलाच एकदा मांडतात. त्यालाच म्हणायचं की सिग्नेचर. वर व्हेरिएबल जाहीर करून ठेवतो ना, तसंच.

आता काळी चार. ती पट्टी जी शार्पही आहे आणि ए फ्लॅटही. मग लिहायचं कुठलं? नियम असा की स्केलमध्ये सातही अक्षरं एकेकदाच यायला हवीत. जी शार्पने लिहिलं तर आठ शार्प होतात, एफ ला तर दोनदा शार्प लावावा लागतो. ए फ्लॅटने लिहिलं की काम चार फ्लॅटमध्ये भागतं: बी, ई, ए आणि डी. म्हणून नोटेशनमध्ये काळी चार बहुतेक वेळा ए फ्लॅट मेजर म्हणूनच दिसते.

लक्षात ठेवायला दोन खुणा. शार्प असतील तर शेवटच्या शार्पच्या लगेच वरची पट्टी म्हणजे सा. फ्लॅट असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट म्हणजे सा. एकच फ्लॅट असेल तर एफ मेजर, एवढं पाठ करा.

रियाज कसा करायचा? आठवड्याला एक स्केल, रोज दहा मिनिटं, आधी उजवा हात, मग डावा. अंगठा काळ्या पट्टीवर टाकू नका. वाजवताना स्वरांची नावं मोठ्याने म्हणा. बोटांना सवय लागते, पण नाव तोंडात बसलं की गिटारवाल्याशीही बोलता येतं. 12 आठवड्यांत 12 स्केल होतात.

आज सुरू केलंत तर तीन महिन्यांनी कोणी "काळी चार" म्हटलं, की तुम्ही नुसतं "चला" म्हणायचं. भेटू पुढच्या भागात, मायनर स्केल घेऊन!