पोकळ घुमट कसा पाहावा

नागपूरजवळच्या कोराडीच्या माणसाला उंच बांधकामाचं कौतुक काय सांगावं? वीज केंद्राच्या चिमण्या त्याला रोज दिसतात. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप १२० फूट उंच आहे हे ऐकून तो थक्क होणार नाही, आणि होऊही नये. वास्तुकला समजून घेताना उंचीचा आकडा फारसा कामाचा नसतो. इमारत माणसाला कुठं उभं करते, बाहेर की आत, ते आधी पाहावं. सांचीचा मोठा स्तूप आठवा. त्याचा व्यास सुमारे १२० फूट, आणि दीक्षाभूमीच्या घुमटाचाही तेवढाच. पण सांचीचा स्तूप भरीव आहे. अशोककाळातल्या विटांच्या गाभ्यावर नंतरच्या लोकांनी दगड चढवला. अशा स्तूपाला आत जायला वाट नसते. उपासक बाहेरून प्रदक्षिणा घालतो. वास्तुकार शिवदान मल यांनी आकार तोच घेतला आणि पोटातला भराव काढून टाकला. चारही दिशांना दारं आहेत, आणि परंपरेत जे अवशेष गाभ्यात बंद ठेवले जात, ते इथं, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी, आत येणाऱ्याच्या समोर आहेत.

माझ्या मते या वास्तूतली खरी कला त्या पोकळीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतलेल्या लाखोंपैकी बहुतेकांना देऊळ ठाऊक होतं ते बाहेरून. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं १९३० मध्ये अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. पुढं संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. पण कायदा अडवणाऱ्याचा हात धरू शकतो. आत गेलेल्याला ही जागा आपली वाटावी, हे त्याच्या हाती नसतं. ते काम वास्तू करू शकते. आता कुणी म्हणेल, पोकळी ठेवली ती लोकांना बसायला जागा हवी म्हणून. त्यात एवढा अर्थ कशाला शोधता? मल यांच्या मनात काय होतं हे मी सांगत नाही. बाहेर ठेवलेल्यांच्या लेकरांना बसायला जागा हवी होती, एवढं कारण मला पुरेसं अर्थपूर्ण वाटतं.

हा स्तूप सांचीची नक्कल आहे, हा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. तोरणांपाशी सांचीची नक्कल जाणवते, आणि तिथं कारागिरी आहे, नवी कल्पना नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: वेगळेपणाविरुद्ध लढलेल्यांनी पुन्हा आपलं वेगळं स्थान का उभारावं? इथं जोहान्सबर्गकडे पाहू. वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेनं आपलं संविधान न्यायालय जुन्या तुरुंगाच्या आवारात बांधलं आणि पाडलेल्या कोठड्यांच्या विटा त्याच्या भिंतींत वापरल्या. ते २००४ मध्ये खुलं झालं. त्यांनी अपमानाची वीट डोळ्यांसमोर ठेवली. नागपूरनं अपमानाची खूणही न ठेवता बुद्धाच्या परंपरेतला जुना आकार उचलला. निवड वेगळी, पण दोन्हीकडे पूर्वी ज्यांना ठरवू दिलं जात नव्हतं, त्यांनीच ठरवलं. आणि या चार दारांत कुणाची जात विचारली जात नाही. मग याला वेगळेपण कसं म्हणायचं? हां, स्तूप उभा राहिला म्हणून गावाबाहेरच्या वस्त्या गावात आल्या, असा भ्रम कुणी बाळगू नये. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते स्तूपाचं उद्घाटन झालं. दलित समाजातून आलेला राष्ट्रपती त्या दारात उभा होता, आणि त्याच काळात कितीतरी खेड्यांत पाणवठे वेगळेच होते.

तेव्हा कोराडीहून नागपुरात जाणं झालं, तर थोडा वेळ काढा. धम्मचक्र प्रवर्तन दिनी गर्दी या पोकळीला कशी भरते ते एकदा पाहा, आणि एरवीच्या एखाद्या सकाळीही जा. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा, मग आत जाऊन वर पाहा. तोरणांना वेळ कमी दिलात तरी चालेल.