फिनॉल गेलं कुठं?

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आज ज्या बुरशीबद्दल बोलणार आहे ती शिळ्या भाकरीवरची नाही. ती जिवंत झाडाच्या आत राहते, पानात, सालीत, मुळात, आणि झाड आजारीही दिसत नाही. तिला अंतर्वासी बुरशी म्हणू.

फिनॉलचा वास तुम्हाला ठाऊक असेल; जुन्या कार्बोलिक साबणाचा. कोक भट्ट्या, तेलशुद्धीकरण, रेझिनचे कारखाने यांच्या सांडपाण्यात ते असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फिनॉलवर्गी संयुगं लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या वर नकोत. इतकं कडक, कारण पाण्यात क्लोरीन टाकलं की त्याचं क्लोरोफिनॉल होतं, आणि ते अगदी किंचित असलं तरी पाणी तोंडात धरवत नाही.

मग झाडातली बुरशीच का? कारण झाड हेच फिनॉलांचं कोठार. लिग्निन, टॅनिन, सगळी त्याच कुळातली. तिथं राहायचं तर ती पचवावी लागतात, निदान सोसावी तरी लागतात.

यातल्या अनेक बुरशींकडे लॅकेज नावाचं विकर असतं. त्यात तांब्याचे अणू असतात आणि ते हवेतला ऑक्सिजन वापरतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, त्याच जातीची ही क्रिया. पण इथंच सावध राहा! लॅकेजमुळे फिनॉलचे रेणू बरेचदा एकमेकांना चिकटून गडद गठ्ठे होतात. काही फिनॉल बुरशीच्या तंतूंवरच बसतं. पाण्यातला आकडा उतरतो, रेणूचं कडं मात्र शाबूत. म्हणून ‘नव्वद टक्के फिनॉल काढलं’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, गेलं कुठं?

चीनमधल्या नानजिंगच्या संशोधकांनी याचा माग काढला. फोमॉप्सिस लिक्विडॅम्बरी ही त्यांची अंतर्वासी बुरशी. तिला फेरुलिक आम्ल दिलं, तर त्याचं व्हिनिलग्वायाकॉल झालं, मग व्हॅनिलिन (हो, आइस्क्रीममधलंच), मग व्हॅनिलिक आम्ल, मग प्रोटोकॅटेच्युइक आम्ल. त्यापुढं कडं फुटतं. त्यांचा हेतू शेतीचा होता: एकाच रानात वर्षानुवर्षं भुईमूग घेतला की मातीत अशी आम्लं साठतात आणि पीक खुरटतं. सौराष्ट्रात भुईमूग करणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

कारखान्याचं पाणी मात्र फार वेगळं. कोक भट्टीच्या सांडपाण्यात फिनॉलसोबत अमोनिया आणि सायनाइडही असतं. प्रयोगशाळेतल्या चंबूत ते नसतं. शिवाय याच फोमॉप्सिस कुळातली दुसरी एक जात वांग्याची फळं कुजवते. बंद टाकीत ही बुरशी वापरायला माझी हरकत नाही. रानात सोडायची, तर आधी शेजारच्या पिकांवर ती काय करते ते तपासलेलं मला दाखवा.