रेंज गेली तर निरोप कसा?

जुलै २०२१ च्या पावसात आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. अशा रात्री मोबाईल बंद पडला तर?

हौशी रेडिओवाल्यांकडं, म्हणजे हॅमवाल्यांकडं, हातात मावणारा सेट असतो. त्याचा आवाज डोंगराला अडतो, म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो आवाज झेलून जोरानं पुढं पाठवतो. त्याला इंटरनेट जोडलं की खोऱ्यातलं बोलणं थेट मुंबईतही पोचतं. इंटरनेट तुटलं तर मुंबई तुटते, पण रिपीटरला बॅटरी असेल तोवर खोऱ्यातलं बोलणं चालू राहतं. मला तर हेच मोलाचं वाटतं.

बोलायला केंद्राच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, त्याआधी परीक्षा. धंद्याचं बोलणं मात्र त्यावर चालत नाही, पापडाच्या ऑर्डरी फोनवरच घ्या! मी पुस्तक मागवलंय. पुढच्या बैठकीला आणते, दोघीजणी तरी नावं द्या.