क्रेगिव्हार : व्यापाऱ्याने बांधलेला मनोरा



स्कॉटलंडमध्ये किल्ले पुष्कळ आहेत, पण आज त्यांतल्या वेगळ्याच जातीच्या एका वास्तूविषयी बोलणार आहे. तिथे तिला ‘टॉवर हाउस’ म्हणतात. मनोऱ्यासारखं उंच, जाड भिंतींचं, पण मुळात राहायचं घर. आपल्या वाड्याचे चौक एकापुढे एक असतात. तेच एकावर एक रचले, तर या घराची कल्पना येईल. तळाला कोठारं आणि स्वयंपाकघर, वर दिवाणखाना, त्याच्या वर शेजघरं, आणि सगळ्यांना जोडणारा अरुंद चक्री जिना.

अशी घरं उभी राहिली ती असुरक्षिततेपोटी. चौदाव्या शतकापासून इंग्लंडशी लढाया, घराण्यांची वैरं, सीमेवरच्या लुटालुटी चालूच होत्या. १५३५ मध्ये तर स्कॉटिश संसदेने कायदाच केला : ठराविक उत्पन्नाच्या जमीनदाराने ६० फूट चौरस आवाराला भक्कम तट घालावा, आणि गरज वाटल्यास आत स्वतःसाठी मनोरा बांधावा. माणसं आणि गुरं यांना आसरा मिळावा, हा हेतू.

आजचा आपला मनोरा मात्र या कहाणीच्या अगदी शेवटी येतो. अ‍ॅबर्डीनच्या पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर, टेकडीच्या उतारावर तो उभा आहे. नाव क्रेगिव्हार. मूळची जागा मॉर्टिमर घराण्याची. त्यांचं बांधकाम अर्धवट राहिलं आणि १६१० मध्ये ती विल्यम फोर्ब्सने विकत घेतली. हा गृहस्थ सरदार नव्हे, व्यापारी. बाल्टिक समुद्रावरच्या डान्झिग बंदराशी, म्हणजे आजच्या ग्दान्स्कशी, व्यापार करून त्याने पैसा केला. लोक त्याला ‘डान्झिग विली’च म्हणत. त्याचा भाऊ पॅट्रिक पुढे अ‍ॅबर्डीनचा बिशप झाला.

आता वास्तू पाहू. नकाशा इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा. दोन बाजू जिथे मिळतात त्या कोनात एक चौकोनी बुरूज, आणि त्याच्या पायथ्याशी दार. आत जायला तेवढा एकच रस्ता. दाराशी आलेल्या माणसावर दोन्ही बाजूंच्या भिंतींतून नजर ठेवता येते. लाकडी दारामागे लोखंडी गजांचं दुसरं दार. तळमजल्याला दगडी कमानींचं छत, म्हणजे खाली आग लागली तरी वरचं घर वाचावं. इथवर सगळी भाषा संरक्षणाची.

पण मान वर करा. खालच्या भिंती अगदी सपाट, कोऱ्या. चार मजले चढल्यावर मात्र तोड्यांची रांग सुरू होते आणि त्यांवर भिंत बाहेर झुकते. कोपऱ्याकोपऱ्यांत शंकूच्या टोप्या घातलेले लहान बुरूज, पायऱ्यापायऱ्यांच्या तिकोनी भिंती, चौकोनी बुरुजाच्या माथ्यावर कठड्याची गच्ची. सगळी हौस माथ्यावर. आत दिवाणखान्याच्या छताला चुन्याच्या गिलाव्यात काढलेली नक्षी, खाली लोंबणारे लटकन, आणि शेकोटीवर स्टुअर्ट राजांचं भलंमोठं राजचिन्ह.

हे काम १६२६ मध्ये पुरं झालं. साल ध्यानात घ्या. १६०३ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड एकाच राजाखाली होते. मनोऱ्याची जुनी गरज ओसरत चालली होती. तरी फोर्ब्सने मनोराच बांधला. कारण मनोरा हे जमीनदाराच्या प्रतिष्ठेचं लक्षण होतं, आणि व्यापाऱ्याला जमीनदार म्हणून मान्यता हवी होती. घर पुरं झालं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. पण डाव फुकट गेला नाही : १६३० मध्ये त्याच्या मुलाला बॅरोनेट ही पदवी मिळाली. घराणं तिथे नांदलं आणि १९६३ मध्ये वास्तू नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आली.

आता मनोऱ्याच्या गुलाबी रंगाविषयी. हा रंग पहिल्यापासूनचा नाही, तो एकोणिसाव्या शतकात आला. त्याखालचा गिलावा म्हणजे ‘हार्लिंग’ : चुना आणि बारीक खडी यांचं मिश्रण थापीने भिंतीवर फेकून मारायचं. तिथे पाऊस सततचा. चुना ओल शोषतो आणि वाऱ्यावर सोडून देतो. विसाव्या शतकात त्या जागी सिमेंट वापरलं गेलं, आणि सिमेंटने पाणी भिंतीतच कोंडलं. आतून ओल वाढली. अखेर २०१० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत सिमेंट खरवडून काढलं आणि पुन्हा चुना लावला. जुन्या भिंतीला जुनीच रीत मानवली.

तेव्हा श्रोतेहो, तट-बुरूज दिसले की आपण लगेच लढाई शोधू लागतो. क्रेगिव्हार सांगतो, जरा थांबा. ही वास्तू कोणी बांधली, कोणत्या पैशातून, आणि कोणाला दाखवायला, हे आधी विचारा. तलवारींच्या खुणा शोधण्याआधी जमाखर्चाची वही मागा.